बढतीची वाट काउंटरवरून

तुळजापुरात पोरगी बँकभरतीची आयबीपीएस परीक्षा पास झाली की घरचे आधी आई भवानीची ओटी भरतात, मग पेढे वाटतात. शेती पावसावर आणि धंदा यात्रेवर चालणाऱ्या गावात दरमहा पगार म्हणजे केवढा आधार! पण त्याच दिवशी ‘आता लागली मार्गी’ म्हणून सगळे निर्धास्त होतात, ते मला पटत नाही. खरी वाट तिथून सुरू होते.

वाट आखलेली आहे. लिपिक, मग अधिकारी; अधिकाऱ्यांच्या स्केल 1 पासून चढत्या पायऱ्या, सातवीवर महाव्यवस्थापक. जेएआयआयबी, सीएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षा अभ्यासाने निघतात. माणसं अडतात ती बढतीसोबतच्या बदलीपाशी. घर, म्हातारे आईवडील, मुलांची शाळा यांपायी कितीतरी हुशार माणसं, त्यातही बायका, बढती नाकारतात.

त्यात नुकसान एकट्याचं होत नाही. जूनमध्ये इथल्या शाखेत सातबारा, आठ-अ घेऊन पीककर्जाचं नवं-जुनं करायला रांग लागते. इतर कर्जांचा हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरतं. कमी मुदतीच्या पिकाच्या कर्जाला मात्र दोन हंगामांची मुभा असते. या नियमात शेतीची जाण आहे. मंदिराच्या रस्त्यावर कुंकू, बांगड्या, कवड्यांच्या माळा विकणाऱ्याचाही हंगामच असतो. नवरात्रात त्याच्या गल्ल्यात पैसा खेळतो, ऐन पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं. हप्ता मात्र बाराही महिने सारखाच. तो थकला तर दरवेळी दानत खोटी नसते. कधी हप्त्याची आखणीच चुकलेली असते. काउंटरवरच्या माणसाला हे कळतं, पण आखणी बदलायचा अधिकार वरच्या खुर्चीला असतो.

ती खुर्ची आता आणखी लांब गेली आहे. मराठवाड्याची ‘हैदराबाद बँक’, म्हणजे स्टेट बँक ऑफ हैदराबाद, 1 एप्रिल 2017 रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. म्हणून तर गाव जाणणारी माणसं वर जायला हवीत.

ती जाऊ शकतात. प्रतीक्षा तोंडवळकर ऐन तरुणपणी विधवा झाल्या आणि स्टेट बँकेत अर्धवेळ सफाईच्या कामाला लागल्या. नोकरी आणि मूल सांभाळत त्या शिकल्या, लिपिक झाल्या, अधिकारी झाल्या आणि 2022 मध्ये सहायक महाव्यवस्थापक पदावर पोचल्या. जिद्द त्यांची होती, पण सफाई कामगारालाही लिपिक होता येईल अशी वाट बँकेत होती, हेही तितकंच महत्त्वाचं.

ती वाट रुंद करणं बँकांचं काम आहे. बढतीसोबतच्या बदलीत पती-पत्नीची सोय पाहा, आईवडिलांच्या आजारपणाचा विचार करा. आणि घरच्यांनीही निवड झालेल्या लेकीला पेढ्यांबरोबर एक शब्द द्यावा: बढतीची ऑर्डर आली, तर घराची काळजी करू नकोस, तू जा.