सागाच्या बियाण्याचं गाव

यवतमाळहून वर्ध्याकडे निघालं की कळंब लागतं. चिंतामणीचं गाव म्हणून ते सगळ्यांना माहीत आहे. तालुक्याची काळी जमीन कापूस, तूर, सोयाबीनची. टेकड्यांवर मात्र सागाचं रान. या रानाच्या आतबाहेर, रोपवनांत आणि शेतांच्या धुऱ्यांवर, माणसांनी लावलेला सागही उभा आहे. साग इथलाच, म्हणजे लावलेला सागही इथलाच, असं आपण धरून चालतो. माझा आक्षेप या समजुतीला आहे.

परक्या झाडांचा विषय निघाला की निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प यांच्यावर बोट ठेवलं जातं. त्यांच्याविरुद्ध सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण एक आरोप त्यांना लागू होत नाही. संकराला सोयरीक लागते, आणि कळंबच्या रानात या झाडांचं जवळचं नातलग कोणी नाही. निलगिरीचा पराग ऐनाच्या फुलावर पडला तरी वायाच जातो. सागाचा पराग सागावर पडला की बी धरतं. म्हणून रानाच्या वंशात शिरण्याची वाट फक्त त्याच नावाच्या झाडाला मोकळी आहे.

जगात याचे दाखले आहेत. टास्मानियात निलगिरीचे अनेक प्रकार मूळचेच. तिथे ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरच्या एका निलगिरीची मोठी रोपवनं झाली आणि काठावरच्या देशी झाडांच्या बियांतून संकरित रोपं निघू लागली. युरोपातल्या देशी काळ्या पॉप्लरला लागवडीच्या संकरित पॉप्लरपासून हाच धोका आहे. अमेरिकेतल्या बटरनटचा जपानी अक्रोडाशी संकर झाला, आणि आता अस्सल झाड ओळखायला प्रयोगशाळा लागते. तिथे निदान दोन जाती वेगळ्या आहेत. सागात दोन्हीकडे जात एकच असल्यामुळे सरमिसळ डोळ्यांना दिसतच नाही.

पण जात एक म्हणून साग एक नव्हे. नैसर्गिक साग जगात फक्त भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस या चार देशांत आहे, आणि त्यातली मोठी आनुवंशिक विविधता भारतात. पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडचा ओलसर रानातला साग आणि मध्य भारतातला कोरड्या रानातला साग यांच्यात आनुवंशिक फरक आहे. आपला साग सावकाश वाढतो, उंचीने कमी भरतो. मात्र पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा तो निष्पर्ण होऊन काढतो आणि उथळ, मुरमाड जमिनीतही टिकतो. लाकडाच्या बाजारात ‘सीपी टीक’ला, म्हणजे मध्य भारतातल्या या सागाला, नाव आहे. ते या सावकाशीनेच मिळवलेलं आहे.

दुसरीकडचा साग इथे आणायला सागाची जडी ही मोठी सोयीची चीज आहे. वर्षभराचं रोप उपटायचं, अंगठ्याएवढं जाड मूळ आणि वर बोटभर खोड ठेवून बाकी छाटायचं, की झाली जडी. ती पोत्यात भरून कुठूनही कुठेही नेता येते. पहिल्या पावसात लावली की फुटते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८०च्या सुमारास ऊतिसंवर्धनाने सागाची रोपं करून दाखवली. ते मोलाचं संशोधन होतं. पण मोजक्या मातृवृक्षांच्या हजारो नकला रानाला खेटून लावल्या, तर पावसाळ्यात साग फुलल्यावर मधमाश्या त्यांचाच पराग चहूकडे वाटणार. साग बहुतांशी परपरागी आहे. रानातली आई जुनी राहील, बाप मात्र रोपवनातला असेल.

१९७४ साली वनविकास महामंडळ स्थापन झालं, आणि महाराष्ट्रात मिश्र रान तोडून साग लावण्याच्या कामाला वेग आला. म्हणजे रोपवन कित्येक ठिकाणी रानाच्या काठालाही नाही, पोटातच आहे. पुढे राज्याने वृक्षलागवडीची मोठी लक्ष्यं ठेवली: २०१६ला दोन कोटी, २०१७ला चार, २०१८ला तेरा, २०१९ला तेहतीस. वाद झाला तो किती रोपं जगली यावर. बी कुठल्या रानाचं, हे विचारलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

यावर एक उत्तर येतं, आणि ते वजनदार आहे. हवामान बदलतं आहे. बाहेरचा पराग आला तर रानाला बळच मिळेल. मिळेलही. पण ते कोणत्या दिशेने आणायचं? उन्हाळे तापत असताना ओलसर प्रदेशातलं रक्त कोरड्या रानात मिसळणं उलट्या वाटेने जाणं आहे. शिवाय पहिल्या पिढीचा संकर पुष्कळदा जोमदार दिसतो, त्यामुळे सगळ्यांना समाधान वाटतं. नुकसान पुढच्या पिढ्यांत, एखाद्या कडक दुष्काळात कळतं. तोवर साठ-सत्तर वर्षं गेलेली असतात. पिकाचं बियाणं फसलं तर पुढच्या हंगामात बदलता येतं, रानाचं बदलता येत नाही.

आणि परका पराग दूर ठेवणारं विलगीकरण म्हणजे काय, हे कळंबला शिकवायला नको. कापसाचा बीजोत्पादन प्लॉट घेणाऱ्या शेतकऱ्याला दुसऱ्या कपाशीपासून ठरलेलं अंतर राखावंच लागतं. तपासणीला माणूस येतो. एका हंगामाच्या पिकासाठी एवढी दक्षता, आणि शंभर वर्षं जगणाऱ्या झाडाच्या रोपाबरोबर साधी चिठ्ठीही नाही. युरोपीय संघाने १९९९च्या निर्देशानुसार वनरोपांच्या विक्रीत बियाण्याच्या उगमाची नोंद बंधनकारक केली. आपल्याला हे जमण्यासारखं आहे.

नैसर्गिक रानाला लागून असलेल्या रोपवनांत त्याच भागातल्या रानाचं बी वापरावं, तेही पुष्कळ वेगवेगळ्या झाडांचं. रोपवाटिकेने प्रत्येक जडीच्या गठ्ठ्यावर बियाण्याचं गाव लिहावं. २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनाचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला आहे. ज्या गावांना तो मिळाला आहे, त्यांनी आपले जुने सरळ साग हेरून ठेवावेत आणि हिवाळ्यात त्यांचं बी स्वतः गोळा करावं. कोलाम आणि गोंड पाड्यांवरच्या जाणत्यांना ती झाडं दाखवावी लागणार नाहीत. आणि येत्या पावसाळ्यात तुमच्या धुऱ्यावर साग लावायचा असेल, तर भाव विचारण्याआधी हे बी कुठल्या रानाचं, एवढं रोपवाटिकेत जरूर विचारा.