दारं धरणारा माणूस

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की मोडनिंबच्या पुढं अरणचा फाटा येतो. माढा तालुक्यातलं हे गाव संत सावता माळ्यांचं. वारकरी परंपरेनं त्यांची जन्म-मृत्यूची सालं जपून ठेवली आहेत : १२५० आणि १२९५. म्हणजे उणंपुरं पंचेचाळीस वर्षांचं आयुष्य, आणि तेही जवळजवळ सगळं एका मळ्यात गेलेलं.

त्या काळचा मळा म्हणजे विहिरीवरची मोट. बैल धावेवरून उताराला गेले की चामड्याची भरलेली मोट वर येते, थारोळ्यात रिकामी होते. बैल मागं सरकले की पुन्हा पाण्यात बुडते. पाणी पाटानं वाफ्याकडं निघतं. एक वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं. याला दारं धरणं म्हणतात. हे काम मध्येच टाकून कुणाला जाता येत नाही. जरा नजर हलली की पाट फुटतो, एका वाफ्यात तळं साचतं आणि दुसरा कोरडा राहतो.

सावता माळी पंढरपूरला गेले नाहीत, असं परंपरा सांगते. पंढरपूर तर अरणपासून काही कोसांवर. कीर्तनात ही गोष्ट त्यांच्या भक्तीची थोरवी म्हणून सांगितली जाते आणि ती आहेच. पण ज्यानं भाजीपाल्याचं रान केलं आहे, त्याला त्यातली दुसरी बाजू लगेच कळते. भाजीचा वाफा चार दिवस वाऱ्यावर सोडता येत नाही. सावतोबांना आपल्या रानातल्या भाज्यांतच विठ्ठल दिसला. कामाला रजा देऊन भक्ती करायची, अशी वाटणी त्यांनी केली नाही.

आणि ते पुरते संसारी होते. आजोबा औशाहून अरणला येऊन राहिले, वडील परसोबा, आई नांगिताबाई, बायको भेंड गावची जनाबाई, मुलगा विठ्ठल, मुलगी नागाताई. एक आख्यायिका तर अगदी घरातली आहे. सासुरवाडीची माणसं दारात आली आणि सावतोबा भजनात दंग. माहेरच्यांचा पाहुणचार राहिला म्हणून जनाबाई चिडल्या. मग सावतोबांनी बायकोची समजूत काढली. जनाबाईंचा राग खराच होता आणि परंपरेनं तो झाकून ठेवला नाही, हे फार मोलाचं वाटतं. कष्टाळू माणसाच्या घरात जो ताण असतो, तो संताच्या घरातही होता.

त्यांचे जेमतेम ३७ अभंग आज आपल्या हाती आहेत. तेही काशिबा गुरवांनी लिहून घेतले म्हणून. मळ्यात राबणाऱ्याच्या तोंडचे शब्द कुणाला तरी टिपून ठेवावेसे वाटले! आपल्या गावोगावी असे किती बाप, किती चुलते होऊन गेले, ज्यांच्या शेजारी कुणी काशिबा नव्हता. त्यांचं नाव आता फक्त सात-बाऱ्यावर, वारसनोंद होईपर्यंत.

आणि नोंद झालीच, तर ती कशाची होते? फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात आणला. दहा पोती. भाव लागला किलोला एक रुपया. वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर उरले दोन रुपये एकोणपन्नास पैसे, आणि हातात पडला दोन रुपयांचा धनादेश. देशभरात बातमी झाली. धनादेशाचा फोटो सगळ्यांनी पाहिला. पण कांद्याचं रोप टाकल्यापासून काढणीपर्यंत चार-पाच महिने जातात. लागण, खुरपणी, फवारणी, काढणी, पात कापणी, आणि या प्रत्येक कामात घरातली माणसं बरोबरीनं वाकलेली असतात. त्या महिन्यांचा फोटो कुणाकडंच नव्हता. माणसाची आठवण त्याच्या पट्टीवरच्या आकड्यानं राहावी, हा त्याच्यावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय आहे.

अजून सत्तरीतली, ऐंशीतली माणसं आपल्यात आहेत, ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यात खडी फोडली आणि त्याच हातांनी पुढं घरची विहीर खणली. विहिरीला पहिलं पाणी कितव्या परसाला लागलं, पहिली मोटर बसवायला काय मोडलं, थोरलीच्या लग्नाला कुठला तुकडा गहाण पडला, हे त्यांना तारीखवार आठवतं. विचारणारा मात्र शहरातून सणाला येतो आणि दुसऱ्या दिवशी एसटी धरतो.

अरणनं मात्र आठवणीची एक वेगळीच रीत सांभाळली आहे. आषाढीला साऱ्या संतांच्या पालख्या पंढरीला जातात. सावता महाराजांची जात नाही. उलट आषाढ वद्यात, त्यांच्या पुण्यतिथीला, पांडुरंगाचीच पालखी पंढरपुराहून अरणला येते. जो मळा सोडून गेला नाही, त्याच्याकडं देव चालत येतो. त्या दिवसांत गाव माणसांनी भरून जातं, टाळ-मृदंगाचा आवाज शिवारात लांबवर जातो.

मोट गेली, पण दारं धरणं गेलं नाही. शेतीपंपाची लाईट अजून बऱ्याच ठिकाणी पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की माणूस बॅटरी, काठी घेऊन निघतो, पायात गमबूट असले तर असले. विंचू-काट्याचं भय रोजचंच. पुण्यतिथीच्या दिवसांतही ज्याची पाळी रात्रीची असते, तो मध्येच कीर्तनातून उठतो, टोपी सारखी करतो, दोन्ही हात जोडतो आणि मोटर चालू करायला रानाकडं जातो.