चतुःसीमा

जमीन विकत घेतली म्हणजे नेमके काय विकत घेतले, या प्रश्नाचे उत्तर खरेदीखतात मिळते अशी आपली समजूत असते. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमुक यांची मिळकत, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस अमुक गट, उत्तरेस नाला. परंतु वरच्या उतारावरचे पावसाचे पाणी या जमिनीतून कोणत्या वाटेने खाली जाते, वैशाखातला संध्याकाळचा वारा कोणत्या अंगाने येतो, शेजारच्या अंगणातले सकाळचे ऊन इथूनच पुढे जाते काय, याची नोंद करण्याची रीत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच असेल. घर मात्र बांधले जाते ते या नोंद न झालेल्या गोष्टींच्या मध्येच.

‘जागेला प्रतिसाद देणारे घर’ हा आजच्या वास्तुविचारातला आवडता शब्दप्रयोग आहे. प्रतिसाद म्हटला की आधी साद आली, आणि ती ऐकणे किंवा न ऐकणे आपल्या हाती होते. जुन्या घरांना ही मोकळीक फारशी नव्हती. कोकणातल्या घराचे उतरते छप्पर, त्याखाली ओढून घेतलेली पडवी, जांभ्याचे उंच जोते; देशावरच्या धाब्याच्या घरांच्या जाड भिंती आणि वाड्यातला चौक, हे सारे सौंदर्यदृष्टीने आधी सुचले असे मानण्याचे कारण नाही. पावसाचे ऐकले नाही तर मातीची भिंत खचत असे. ज्याला नकार देणेच शक्य नाही, त्याच्या होकाराला आपण सद्गुण म्हणत नाही. शिवाय त्या घरांचे गोडवे गाताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. गावात कोणाला कोणती जागा मिळाली हे वाऱ्यापावसाने ठरवलेले नव्हते. गावकुसाबाहेरची घरेही आपल्या जागेला अनुरूपच होती. पण ती जागा त्यांच्यावर लादलेली होती.

नकार शक्य झाला तो काँक्रीट, डोंगर सपाट करणारी यंत्रे आणि वातानुकूलन यांच्यामुळे. आता कोणत्याही उतारावर कोणत्याही तोंडाचे घर उभे राहते. जागेचे ऐकणे ही निवड झाली, आणि निवड आली तेथे नीतीचा प्रश्नही आला.

या प्रश्नाचे उत्तर देखण्या घरांकडे बोट दाखवून देता येत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात फ्रँक लॉइड राइट यांनी १९३५ साली ‘फॉलिंगवॉटर’ची आखणी केली. जागेशी एकरूप झालेले घर म्हणून शिकवले जाणारे हे बहुधा सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. घरमालक कॉफमन यांना समोरून धबधबा दिसेल असे घर हवे होते. राइट यांनी घर धबधब्यावरच बांधले. दगड तिथल्याच खाणीतला, आणि बैठकीच्या खोलीत चुलाण्यापाशी मूळचा खडक जमिनीतून वर आलेला. अधांतरी पुढे आलेले सज्जे पुढे वाकत गेले आणि २००२ साली त्यांना तणावाच्या तारांनी सावरावे लागले. घर अतिशय सुंदर आहे, हे मान्य करूनही एक शंका उरते: हा प्रतिसाद आहे की ताबा? ओढ्याचा सर्वांत देखणा बिंदू एका कुटुंबाच्या बैठकीखाली आला. आज ते सर्वांना पाहता येते ते संग्रहालय झाले म्हणून. सह्याद्रीच्या उतारांवर निसर्गाच्या सान्निध्याची जाहिरात करीत जी सुट्टीची घरे उभी राहत आहेत, त्यांच्याकडे पाहताना ही शंका अधिकच गडद होते. त्यांच्या वास्तुकारांकडे राइट यांची प्रतिभाही नसते.

चार्ल्स कोरिआ यांच्या कामात हा प्रश्न वेगळ्या रीतीने येतो. मुंबईत समुद्राचा वारा आणि समुद्राचे दृश्य पश्चिमेला. पण दुपारचे रणरणते ऊन आणि पावसाचा मारा हेही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी घराभोवती व्हरांडा फिरवून हा पेच सोडवला होता. कंबाला हिलवरच्या, १९८३ साली पूर्ण झालेल्या ‘कांचनजंगा’त कोरिआ यांनी तोच व्हरांडा दुमजली उंचीच्या बागेच्या रूपाने गगनचुंबी इमारतीच्या कोपऱ्यांत नेला. उत्तर चोख आहे. मात्र ते मिळाले अवघ्या ३२ श्रीमंत कुटुंबांना.

वाऱ्याला नाकारणाऱ्या घराचा खर्च कोण देतो, हे कोणत्याही शहरी गल्लीत उभे राहिले तरी कळते. वातानुकूलन यंत्र खोलीतली उष्णता नाहीशी करीत नाही. ती बाहेर टाकते, आणि स्वतःला लागलेल्या विजेची उष्णताही तिच्यात मिळवते. समोरच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाच्या खिडकीत ती उतरते. त्याने कोणत्याही खतावर सही केलेली नसते. जागेला प्रतिसाद म्हणजे आतल्यांची सोय, ही समजूत म्हणूनच मला अपुरी वाटते. साद चतुःसीमेच्या बाहेरून येते आणि उत्तरही तिथपर्यंत पोहोचावे लागते.

हे लिहिणे सोपे आहे. बेलापूरला गेले की अवघड होते. नवी मुंबईतल्या या वसाहतीत कोरिआ यांनी १९८०च्या दशकात सात-सात घरे एकेका लहान चौकाभोवती मांडली. कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, म्हणजे प्रत्येकाला आपले घर आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवता यावे. लोकांनी ते वाढवले. इतके, की पुष्कळांनी मूळची उतरत्या छपरांची घरे पाडून काँक्रीटचे मजले चढवले. वास्तुकलेचे विद्यार्थी तिथे जाऊन हळहळतात. ती हळहळ मला पूर्णपणे पटत नाही. मुलगा मोठा झाला, सून आली, त्यांना खोली हवी. उन्हापावसाला शोभणारे छप्पर जपण्याचे व्रत त्या कुटुंबाने एकट्याने का घ्यावे? जागेला दिलेले उत्तर हे अखेर वास्तुकाराने दुसऱ्याच्या वतीने दिलेले असते. परंतु वाढलेल्या मजल्याने मागच्या घराचा वारा अडला, तर तोही त्याच चौकातला शेजारी आहे. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि त्यांचा निवाडा करणारे कलम मला सापडलेले नाही.

लॉरी बेकर २००७ साली वारले. ते आराखड्याच्या कागदापेक्षा प्रत्यक्ष जागेवर अधिक विचार करीत आणि झाड आड आले तर भिंत वळवीत. तिरुवनंतपुरमच्या नालंचिरा भागात खडकाळ, वैराण उतारावर त्यांनी स्वतःसाठी जे घर बांधले ते एकदम बांधलेच नाही; उतार जसा वाट देईल तसे ते वर्षानुवर्षे वाढत गेले. त्यांची अनेक घरे अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी होती, म्हणून जागेचे ऐकणे ही श्रीमंतांची चैन आहे, हा आक्षेप त्यांच्यापुढे टिकत नाही. त्यांनी मोजली ती वीट: उभ्या विटांमध्ये पोकळी ठेवणाऱ्या त्यांच्या भिंतीला सुमारे चतुर्थांश विटा कमी लागतात आणि उष्णताही आत कमी येते.

उतारावर जांभ्याचा गडगा घालणारा कोकणातला जाणता गवंडी पऱ्याच्या वाटेवर आला की थांबतो, आणि तळाशी दोन चिऱ्यांत हातभर मोकळी जागा सोडतो. मालकाने विचारले तर वरच्या डोंगराकडे नुसता हात करतो. आषाढात पाणी तिथून जाते, खालच्या दुसऱ्या कोणाच्या तरी आगरात.