कपि, पिक आणि अर्थाविना शब्द

जुलै २०१५ मध्ये बेल्जियममधल्या लुव्हँ-ला-नव्ह या गावी फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा झाली आणि ती नायजेल रिचर्ड्स यांनी जिंकली. रिचर्ड्स मूळचे न्यूझीलंडचे, राहायला मलेशियात. त्यांना फ्रेंच येत नाही. जिंकल्यावर बोलायला त्यांना दुभाष्या लागला. स्पर्धेआधीच्या सुमारे नऊ आठवड्यांत त्यांनी फ्रेंच स्क्रॅबलची अधिकृत शब्दसूची पाठ केली होती. क्रियापदांची सगळी रूपं धरून तिच्यात ३,८६,००० च्या आसपास शब्द होते. त्यांतल्या बहुतेकांचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. २०२४ मध्ये स्पेनमधल्या ग्रनाडा इथे त्यांनी स्पॅनिशची जागतिक स्पर्धाही अशीच जिंकली.

मग त्यांना ते शब्द येत होते, असं म्हणायचं का?

प्रश्न एका माणसाच्या पराक्रमापुरता नाही. ठरावीक लांबीचा, ठरावीक अक्षरं असलेला इंग्रजी शब्द हुडकणं हा आज असंख्य लोकांचा रोजचा विरंगुळा आहे. वर्डलमध्ये पाच अक्षरांचा शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. मधली जागा 'ए'ची आणि शेवटची 'ई'ची, एवढं कळलं की खेळणारा उरलेल्या जागा भरत सुटतो. अर्थ आठवतो तो सगळ्यात शेवटी, कधी आठवतही नाही. स्क्रॅबलचे कसलेले खेळाडू तर हाती आलेली सात अक्षरं वर्णक्रमाने लावतात आणि त्या क्रमाने शब्दांचे गठ्ठेच पाठ करतात. 'ए, ई, आय, एन, आर, एस, टी' अशी अक्षरं दिसली की 'नॅस्टिअर', 'रिटेन्स', 'रेटिनाज', 'स्टेनर' हे सगळे त्यांच्यापुढे एकदम उभे राहतात. अधिक किळसवाणा, राखून ठेवणं, डोळ्यातला पडदा, डाग पाडणारा; अर्थांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. अक्षरं मात्र तीच.

नेमकी हीच अडचण आपल्याकडच्या दर्शनकारांनी फार पूर्वी मांडली होती, आणि ती कुठल्या खेळासाठी नव्हे, तर वेदाच्या शब्दाचं स्वरूप ठरवण्यासाठी. ब्रह्मसूत्राच्या पहिल्या अध्यायातल्या तिसऱ्या पादाच्या अठ्ठाविसाव्या सूत्रावर भाष्य करताना शंकराचार्य प्रतिपक्षाची शंका नोंदवतात: शब्द म्हणजे नुसते वर्णच असतील, तर 'जारा' आणि 'राजा', 'कपि' आणि 'पिक' हे वेगळे शब्द आहेत हे कळतं कसं? वर्ण तर दोन्हीकडे तेच. माकड आणि कोकीळ एकाच सामग्रीतून निघाले!

शंकेमागे मोठं बळ होतं. भर्तृहरीच्या 'वाक्यपदीया'पासून वैयाकरण सांगत आले होते की, उच्चारलेला वर्ण लगेच विरून जातो. शेवटचा ऐकू येतो तेव्हा पहिला शिल्लकच नसतो, मग एकत्र येऊन अर्थ सांगणार कोण? म्हणून वर्णांपलीकडे एक अखंड शब्द मानावा लागतो, तो स्फोट. मंडनमिश्रांनी त्याच्या समर्थनार्थ 'स्फोटसिद्धि' लिहिली. कुमारिल भट्टांनी तो खोडून काढला. शंकराचार्य या वादात प्राचीन आचार्य उपवर्षांची बाजू घेतात: वर्ण हाच शब्द. शंकेवर त्यांचं उत्तर असं की, मुंग्या क्रमाने चालल्या तरच रांग दिसते, तसे वर्णही विशिष्ट क्रमाने आले तरच विशिष्ट शब्द कळतो.

इथवर आलं की रिचर्ड्स यांचा विजय पक्का वाटतो. वर्ण त्यांच्याकडे होते, क्रमही होता. पण आचार्य तिथे थांबत नाहीत. कुठला क्रम कुठल्या अर्थाशी जोडलेला आहे हे वृद्धव्यवहारातून कळतं, म्हणजे आधीची माणसं तो शब्द वापरताना ऐकून. पाठ केलेल्या सूचीत नसते ती हीच गोष्ट.

तरी अर्थाविना केलेल्या पाठांतराला तुच्छ लेखणं अन्यायाचं ठरेल. 'निरुक्ता'त यास्काचार्यांनी कौत्साचं मत दिलं आहे: मंत्र अर्थहीन आहेत, कारण त्यांतले शब्द आणि त्यांचा क्रम कायमचा ठरलेला असतो. यास्क उत्तर देतात की ठरलेला क्रम रोजच्या बोलण्यातही असतो, त्याने अर्थ नाहीसा होत नाही. त्याच ग्रंथात, वेद पढून अर्थ न जाणणाऱ्याला भार वाहणारा खांब म्हटलं आहे. टीका कठोर आहे आणि अर्थाच्या बाजूने ती योग्यही आहे. पण जटापाठात दोन पदं सरळ, उलट, पुन्हा सरळ म्हणणाऱ्या आणि घनपाठात त्याहून गुंतागुंतीचे फेरे घेणाऱ्या वैदिकांनीच एकेक स्वर जपला. अर्थाचा शोध घ्यायला पुढच्यांच्या हाती संहिता उरली, ती या भारवाहकांमुळे. त्यांच्यातल्या ज्याला अर्थ कळत नव्हता, त्याच्याकडेही आपण म्हणतो ते कुणाचं तरी सार्थ वचन आहे ही श्रद्धा होती. त्या श्रद्धेमुळेच तो एक मात्राही इकडची तिकडे होऊ देत नव्हता.

रिचर्ड्स यांना फ्रेंच येत नाही, हे निःसंशय. पण त्यांनी पाठ केलेली सूचीही आकाशातून पडलेली नाही. तिच्यातलं प्रत्येक रूप फ्रेंच बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांच्या व्यवहारातून कोशात आलं आहे. पटावर मांडलेला शब्द खरा की खोटा, यावर हरकत आली तर निवाडा त्या कोशावरच होतो.

वर्डलची कहाणीही अशीच आहे. जॉश वॉर्डल यांनी खेळ बनवला तेव्हा इंग्रजीतले सुमारे १२,००० पाच अक्षरी शब्द त्यांच्यापुढे होते. त्यांतले बरेचसे कुणी कधी ऐकलेलेही नव्हते. त्यांच्या जोडीदार पलक शाह ती यादी घेऊन बसल्या आणि एकेका शब्दापुढे, हा आपल्याला माहीत आहे की नाही, याची नोंद करत गेल्या. त्यातून उत्तरांसाठी सुमारे २,५०० शब्द उरले. आज सकाळी जागा मोजत, अर्थाचा विचारही न करता कुणी बरोबर शब्द गाठला, तरी तो निघतो माणसांनी निवडलेल्या शब्दांतलाच.