अर्ध्या सेंटचा हिशेब

आमच्या विमा कंपनीचा मेनफ्रेम बंद होतो आहे. कारण एकच, पैसे. मेनफ्रेमवरच्या सॉफ्टवेअरचं बिल वापरावर येतं, काम वाढलं की तेही वाढतं. त्यामानाने लिनक्सचे सर्व्हर स्वस्त. मी १९९८ साली वायटूकेच्या लाटेत न्यू जर्सीला आलो तो कोबोलच्या जिवावर, म्हणून थोडं वाईट वाटतं. असो.

अशा बदलात काही आठवडे जुनी आणि नवी यंत्रणा शेजारी-शेजारी चालवून आकडे ताडून पाहतात. पहिल्याच वेळी हजारो पॉलिसींच्या व्याजात एकेका सेंटचा फरक आला, आणि दर वेळी नवी यंत्रणाच जास्त देत होती. दोन दिवसांनी कारण सापडलं. कोबोलमध्ये 'राउंडेड' हा शब्द लिहिला नाही, तर जादाचे दशांश सरळ छाटले जातात. व्याज १२ डॉलर ३४.९ सेंट निघालं तरी खात्यात ३४ सेंटच. जावात नव्याने लिहिणाऱ्या मुलीने ते शाळेत शिकवतात तसं ३५ केलं होतं.

छाटणं मुद्दाम होतं, की कुणी एक शब्द विसरला? लिहिणारा केव्हाच निवृत्त झाला. पॉलिसीच्या करारात याबद्दल अवाक्षर नाही. प्रोजेक्टचा नियम मात्र ठाम: उत्तर जुन्याशी तंतोतंत जुळलं पाहिजे. मग त्या मुलीला आम्ही छाटायला लावलं.

एका सेंटने कुणाचं काय जातं? लहानपणी वाणी सुट्टे नाहीत म्हणून हातावर गोळी ठेवायचा. आई विचारायची, "पुढच्या वेळी मी गोळ्याच दिल्या तर चालतील?" वाणी नुसता हसायचा. खोच तिथेच आहे. जवळच्या सेंटला नेताना कधी याचा फायदा, कधी त्याचा. छाटताना नेहमी कंपनीचाच.

वीस वर्षं हा प्रोग्रॅम मी सांभाळला. तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून दोष नाही, अशी मी समजूत घालतो. पण आता तीच ओळ जाणूनबुजून पुन्हा लिहिली गेली आहे, आणि तपासणीच्या कागदावर सही माझी आहे. मॅनेजर म्हणाला, "मुद्दा रास्त आहे, पण या बजेटात बसत नाही."

मी कायदा विभागाला ईमेल केली आहे. बायकोने विचारलं, "सहीच्या आधी का नाही केलीस?"

शुक्रवार संध्याकाळ होती. सगळे माझ्यासाठी थांबले होते.