परतवाटेचा करारनामा

परदेशी शिकावयास गेलेल्या मुलामुलींचा विषय निघाला, की आपले बोलणे बहुधा दोनच ठिकाणी येऊन थांबते : एक तर तेथील कडाक्याची थंडी, एकटेपणा आणि हाताने रांधून खाण्याचे हाल यांचे सहृदय वर्णन होते, नाही तर शिकून तिकडेच स्थायिक होणाऱ्यांनी मायभूमीकडे पाठ फिरवली असा ठपका ठेवला जातो. ज्या कागदावर सही करून विद्यार्थी घराचा उंबरठा ओलांडतो, तो कागद मात्र सहसा कोणी वाचत नाही. आणि माझे तर असे मत होत चालले आहे, की त्याच्या परदेशवासाचे स्वरूप, आणि विशेषतः त्याच्या परतीची वाट, त्या कागदाने जितकी ठरते तितकी ती त्याच्या मनोवृत्तीने ठरत नाही.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणित परीक्षेत सीनियर रँग्लर झाले आणि पुण्यास परत येऊन डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अल्प वेतनावर शिकवू लागले, याची थोरवी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यांच्या त्यागास उणेपणा न आणता एवढेच म्हणावयाचे, की सरकारी शिष्यवृत्तीवर गेलेल्या या तरुणाच्या डोक्यावर सावकाराचा तगादा नव्हता, आणि ज्या संस्थेत शिकविण्याचे वचन त्याने दिले होते, ती त्याची वाट पाहत उभी होती. आनंदीबाई जोशी यांच्यासाठीही कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात जागा ठरलेली होती; फिलाडेल्फियाहून १८८६ साली वैद्यकीची पदवी घेऊन त्या निघाल्या, परंतु क्षयाने पोखरलेल्या त्यांच्या देहाला रुजू होण्याइतकाही अवसर मिळाला नाही आणि पुढच्याच फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, पुण्यात त्यांचा अंत झाला.

या संदर्भात सर्वांत अधिक विचार करावयास लावणारा कागद आहे तो भीमराव आंबेडकर यांनी १९१३ च्या जूनमध्ये बडोदे संस्थानाशी केलेला करारनामा. त्यान्वये त्यांना तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळावयाचे होते आणि शिक्षण संपल्यावर त्यांनी दहा वर्षे संस्थानाची चाकरी करावयाची होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी सेलिग्मन आणि ड्यूई यांच्यासारख्यांची व्याख्याने ऐकली, वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी जन्माचा स्नेह जोडला, आणि १९१६ च्या मे महिन्यात भारतातील जातींविषयीचा तो प्रसिद्ध निबंध तेथे वाचला. परक्या मुलुखाने त्यांना काय दिले, असे विचारले तर पदव्यांच्याही आधी जे सांगावे लागेल ते त्यांनीच पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवले आहे : आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच तेथील वास्तव्यात त्यांच्या मनातून पुसली गेली होती. मनुष्याला मनुष्य म्हणून वावरता येणे ही साधी गोष्ट शिकण्यासाठी ज्याला सातासमुद्रांपलीकडे जावे लागते, त्याच्या परदेशवासाला केवळ उच्च शिक्षण म्हणणे मला अपुरे वाटते.

मुदत संपली आणि १९१७ साली करारनाम्याने त्यांना परत बोलावले. न्यूयॉर्कहून ते लंडनला गेले होते; तेथील अभ्यास अर्धा राहिला. ज्या जहाजातून त्यांचे सामान येत होते ते टॉर्पेडोने बुडाले आणि जमविलेले ग्रंथ समुद्रात गेले. बडोद्यास संस्थानाने हुद्दा दिला, राहावयास घर मात्र गावात कोणी दिले नाही. अखेर एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून ते वरच्या मजल्यावर एकटेच राहू लागले. लहानशी निजावयाची खोली, शेजारी मोडक्या सामानाने भरलेला मोठा दिवाणखाना, विजेचा पत्ता नाही. रात्र पडली की रखवालदार एक लहान कंदील आणून ठेवी आणि त्याच्या हातभर उजेडात हा कोलंबियाचा पदवीधर पुस्तक वाचून मन रमवी. अकराव्या दिवशी सकाळी, कचेरीस निघण्याच्या तयारीत, ग्रंथालयाची पुस्तके परत करावयास हाती घेतलेली असताना, जिन्यावर पावले वाजली आणि डझनभर माणसे काठ्या घेऊन दाराशी उभी राहिली. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सुटले. त्यांनी दोन परिचितांकडे आश्रय विचारून पाहिला; दोघांनीही अडचण सांगितली. मग मुंबईची गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत बसून काढला.

कराराने परतण्याचे बंधन विद्यार्थ्यावर घातले होते. परतलेल्याला सामावून घेण्याचे बंधन मात्र समाजावर कोणी घातले नव्हते. हा एकतर्फीपणा मला त्या दिवसाच्या अपमानाइतकाच मोठा दोष वाटतो, आणि तो त्या एका संस्थानाचा नव्हता.

आजच्या विद्यार्थ्याचा कागद याहून निराळा आहे, आणि तो माझ्या डोळ्यांसमोरून गेला आहे. माझ्या परिचयातील एका शिक्षकाच्या मुलीला अमेरिकेत प्रवेश मिळाला तेव्हा बँकेच्या टेबलावर मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. शेतजमीन तारण चालत नव्हती, म्हणून त्यांनी राहत्या घराचे मूळ खरेदीखत प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून पुढे ठेवले. अधिकाऱ्याने एकेक पान उलटून पाहिले, पोच दिली, आणि ते खत पुन्हा पिशवीत गेले नाही. वडील सहकर्जदार म्हणून मुलीच्या नावाखाली सही करीत होते. शिक्षण चालू असताना हप्ता नाही, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून. पुढे काही महिन्यांची सवलत, आणि मग तगादा. तिकडे विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपलीकडे काम करता येत नाही. पदवीनंतर ज्याला सगळे ‘ओपीटी’ म्हणतात ती कामाची परवानगी एक वर्षाची, आणि विज्ञान-अभियांत्रिकीच्या शाखांना आणखी दोन वर्षांची. घर सोडवावयाचे ते एवढ्या अवधीत, डॉलरच्या कमाईवर. जुना करारनामा विद्यार्थ्याला मायदेशाकडे ओढीत होता, हा नवा कागद त्याला तेथेच थोपवून धरतो. येथील पहिल्या नोकरीच्या पगारात तो हप्ता बसत नाही. अशा मुलीला कृतघ्न म्हणण्यापूर्वी तिच्या वडिलांनी पिशवीतून काय काढून दिले ते पाहावे.

परत येऊन येथे शिकवू, संशोधन करू इच्छिणाऱ्यांसाठी शासनाने व्याजाचा भार उचलावा आणि मुद्दलाचा हप्ता येथील वेतनाच्या प्रमाणात बांधून द्यावा, ही मागणी मला अवास्तव वाटत नाही. शिष्यवृत्त्या आहेत; त्या वेळेवर हाती पडाव्यात आणि त्यांची संख्या वाढावी, हे तर निराळे सांगावयास नकोच.

आंबेडकर १९२० साली अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करावयास पुन्हा लंडनला गेले, ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि भथेनांकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज यांच्या आधारे. या खेपेस कोणाच्या चाकरीचा करार नव्हता. रुपयाच्या विनिमयदराने स्वतःचे पोट रोज मोजले जात असताना त्यांनी प्रबंध लिहिला तो रुपयाच्याच प्रश्नावर. तो १९२३ साली ग्रंथरूपाने निघाला, आणि आपल्या शिक्षणासाठी ज्यांनी खस्ता खाल्ल्या त्या दिवंगत आईवडिलांच्या स्मृतीला त्यांनी तो अर्पण केला.