घटाकाशाचे घनफळ

गौडपादाचार्यांनी माण्डूक्यकारिकेच्या तिसऱ्या प्रकरणात घटाकाशाचा जो दृष्टांत योजिला आहे, त्याच्याशेजारी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (इ. स. ११५०) खातव्यवहार ठेवून पाहिला, म्हणजे एक पेच उभा राहतो: जी पोकळी बाहेरच्या आकाशाहून भिन्नच नाही, तिचा चोख हिशेब कसा लागतो?

साडेतीन फूट त्रिज्येची, सहा फूट उंचीची कणगी काठोकाठ भरून वर दीड फूट शीग चढलेली आहे असे समजा. वृत्तचितीचे घनफळ सुमारे २३१ घनफूट. शीग शंकूची, म्हणून तळाचे क्षेत्रफळ आणि उंची यांच्या गुणाकाराचा तिसरा हिस्सा, सव्वाएकोणीस. एकूण अडीचशेवर पाव. ही बेरीज बिनचूक उतरते, कारण वृत्तचिती व शंकू यांमधील सीमेला जाडीच नाही. ती धान्यात नसून मोजणाऱ्याच्या बुद्धीत आहे, आणि वेदान्ती जिला उपाधी म्हणतात ती हीच, असे मला निश्चितपणे वाटते.

तथापि सीमा कल्पित म्हणून धान्य कल्पित ठरत नाही. सारा त्याच मापाने वसूल होई आणि कुळाचे पोटही त्याच मापाने भरे. व्यवहारसत्तेला तुच्छ लेखणाऱ्याने आचार्यांचा दृष्टांत अर्धाच वाचला आहे.